रस्त्याला कुणी हिशोब मागत नाही

"एकटी ट्रॉलीनं फिरतेस? सेफ आहे का ते?"

फिलाडेल्फियाच्या उपनगरांतल्या जवळपास प्रत्येक मराठी घरात मला हा प्रश्न विचारला जातो. बहुतेक वेळा पानं वाढून झाल्यावर, आणि 'घर कधी घेणार?' या प्रश्नाच्या जरासा आधी. २०२५च्या गणपतीत तो विचारला गेला तेव्हा मात्र त्याला एक जोडप्रश्न आला. त्याच आठवड्यात, २४ ऑगस्टला, सेप्टा या इथल्या सार्वजनिक वाहतूक संस्थेनं ३२ बसमार्ग बंद केले होते आणि उरलेल्या कित्येक मार्गांवरच्या फेऱ्या कमी केल्या होत्या. यजमान माझ्यासारखेच इंजिनिअर, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मनानं चांगले. मोदकावर तूप घालत ते म्हणाले, "बंद पडली तर पडू दे गं. तोट्यातच होती ना? प्रायव्हेट करायला पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही वाईट नव्हतं. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकानं आयुष्याची पहिली वीस-बावीस वर्षं एसटी, पीएमटी किंवा लोकलच्या जिवावर काढली होती. शाळा, क्लास, कॉलेज आणि पहिली नोकरीसुद्धा. तरीही 'तोट्यातच होती ना' या तीन शब्दांवर तिथे एकमत झालं. मी तेव्हा गप्प बसले, कारण आई सोबत होती आणि घर परक्याचं होतं. आता बोलते.

आधी ही वाहतूक आहे काय ते सांगते, कारण टीका करणाऱ्यांपैकी अनेकांनी ती पाहिलेली नाही. फिलाडेल्फियात पूर्व-पश्चिम धावणारी एक मेट्रो आहे. तिचा मार्केट स्ट्रीटवरचा भाग १९०७ साली सुरू झाला आणि फ्रँकफर्डकडे जाणारा उन्नत भाग १९२२ साली. उत्तर-दक्षिण धावणारी ब्रॉड स्ट्रीटची भुयारी गाडी १९२८ची. पश्चिम फिलाडेल्फियातून पाच ट्रॉली मार्ग रस्त्यावरून येतात, बोगद्यात शिरतात आणि सिटी हॉलच्या पायथ्याशी पोचतात. तो बोगदा १९०५चा. गिरार्ड अव्हेन्यूवर एक ट्रॉली आहे, तिच्यावर १९४७ साली बांधलेले डबे डागडुजी करून आजही चालतात. पश्चिमेच्या टोकाला, सिक्स्टीनाइन्थ स्ट्रीटच्या स्थानकातून, उपनगरांकडे आणखी दोन ट्रॉल्या आणि एक वेगळी जलद गाडी निघते. शिवाय दूरच्या उपनगरांना जोडणाऱ्या लोकल. शहरातल्या ट्रॉलीच्या दोन रुळांतलं अंतर ५ फूट सव्वादोन इंच आहे, म्हणजे नेहमीच्या रेल्वेपेक्षा जास्त. मोठ्या रेल्वे कंपन्यांनी आपल्या मालगाड्या शहराच्या रस्त्यांवर घुसवू नयेत म्हणून हे माप मुद्दाम वेगळं ठेवलं, असं सांगतात. शहरानं स्वतःच्या रस्त्यांचं राखण कसं केलं, याची ही खूण अजून डांबरात रुतलेली आहे.

मी बाल्टिमोर अव्हेन्यूवर राहते. माझी ट्रॉली टी-टू, जुना क्रमांक चौतीस. क्लार्क पार्कच्या कडेनं जाते, चाळिसाव्या रस्त्यापाशी जमिनीखाली उतरते आणि मला ऑफिसजवळ सोडते. माझ्याकडे गाडी नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, लागत नाही म्हणून. अमेरिकेत हे वाक्य उच्चारता येईल अशी ठिकाणं हातावर मोजण्याइतकी आहेत. त्यातलं एक गिळलं जाताना पाहून मला राग येतो, आणि हा लेख त्या रागातून लिहिलेला आहे.

आता तोट्याचं बघू.

तोटा हा शब्द धंद्याचा आहे. ज्या वस्तूचा फायदा फक्त विकत घेणाऱ्याला होतो, तिच्या बाबतीत तो चपखल बसतो. पण तुमच्या इमारतीची लिफ्ट तोट्यात चालते का, हे सोसायटीच्या सभेत कधी कुणी विचारलं आहे? लिफ्टवाचून सातव्या मजल्याच्या फ्लॅटला किंमत नसते, म्हणून पहिल्या मजल्यावरचे लोक कुरकुरत का होईना, देखभालीचे पैसे देतात. सिटी हॉलच्या आसपासची प्रत्येक उंच इमारत ही अशा सातव्या मजल्यासारखी आहे. तिथे रोज येणाऱ्या सगळ्या माणसांनी आपापली गाडी आणली, तर त्या गाड्या उभ्या करायला निम्म्या इमारती पाडाव्या लागतील.

आणि रस्ते? अमेरिकेत पेट्रोलवरचा केंद्रीय कर गॅलनमागे १८.४ सेंट आहे. तो १९९३ पासून एका सेंटानंही वाढलेला नाही. महामार्गांचा खर्च वापरणाऱ्यांनी भरलेल्या करातून भागवायचा, अशी मूळ कल्पना होती. तो निधी आटू लागल्यावर २००८ पासून काँग्रेस पुन्हा पुन्हा सर्वसाधारण तिजोरीतून त्यात पैसे ओतत आली आहे. म्हणजे गाडी न चालवणारी मीसुद्धा माझ्या आयकरातून महामार्ग चालवते. याला कुणी तोटा म्हणत नाही. याला 'इन्फ्रास्ट्रक्चर' म्हणतात. एकच पैसा डांबरावर पडला की गुंतवणूक आणि रुळावर पडला की खैरात, हा हिशोब कुठल्या कॉलेजात शिकवतात?

हा भेद किती खोल मुरलेला आहे, ते पाहायला फिलाडेल्फियाचीच दोन उदाहरणं पुरेत. ११ जून २०२३ला एका टँकरला आग लागून आय-नाइन्टीफाइव्ह महामार्गाचा पूल कोसळला. राज्य रात्रंदिवस कामाला लागलं, काचेच्या पुनर्वापरातून बनवलेल्या हलक्या भरावानं खड्डा भरला आणि २३ जूनला वाहतूक सुरू केली. बारा दिवस! काम चोवीस तास थेट प्रक्षेपित होत होतं आणि लोक ते क्रिकेटच्या सामन्यासारखं बघत होते. मीही पाहिलं, आणि इंजिनिअर म्हणून छाती फुगली, खोटं कशाला बोलू.

आता दुसरं उदाहरण. १९९२ साली सेप्टानं तीन ट्रॉली मार्ग 'तात्पुरते' बंद करून तिथे बस सुरू केल्या. पंधरा, तेवीस आणि छप्पन्न. गिरार्डचा पंधरा क्रमांक तेरा वर्षांनी, २००५ला परतला, २०२०ला पुन्हा थांबला आणि २०२४ला पुन्हा सुरू झाला. तेवीस आणि छप्पन्न कधीच परतले नाहीत. चेस्टनट हिलपासून दक्षिण फिलाडेल्फियापर्यंत जाणारा तेवीस हा शहरातला सगळ्यात लांब ट्रॉली मार्ग होता. जर्मनटाउन अव्हेन्यूच्या दगडी फरसबंदीत त्याचे रूळ अजून चमकतात. तात्पुरत्या बंदला तीस वर्षं केव्हाच उलटून गेली. पूल पडला तर बारा दिवस, ट्रॉली थांबली तर एक पिढी. पैशाची अडचण दोन्हीकडे होती, घाई फक्त एकीकडे होती.

"प्रायव्हेट करा" म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती: ती प्रायव्हेटच होती. फिलाडेल्फिया ट्रान्स्पोर्टेशन कंपनी नावाची खासगी कंपनी १९६८ पर्यंत शहरातली वाहतूक चालवत होती. १९५५ साली नॅशनल सिटी लाइन्सनं तिचा ताबा घेतला. या मंडळींच्या मागे जनरल मोटर्स, फायरस्टोन आणि तेल कंपन्यांचा पैसा होता, आणि बस व तिला लागणारा माल विकण्याची मक्तेदारी करण्याचा कट केल्याबद्दल १९४९ साली त्यांना कोर्टानं दोषी ठरवलं होतं. दंड नाममात्र झाला. ताबा आल्यावर काही वर्षांतच शहरातल्या बहुतेक ट्रॉली मार्गांवर बस आल्या. आज जे उरलं आहे ते मुख्यतः बोगद्यामुळे, कारण त्या बोगद्यात डिझेलची बस घालता येत नव्हती. म्हणजे खासगीकरणाचा प्रयोग करून झाला आहे, आणि आपण ज्यावर बसतो ते त्या प्रयोगातून वाचलेलं आहे.

बरं, मग आज निर्णय कोण घेतं? सेप्टाचं संचालक मंडळ पंधरा जणांचं. फिलाडेल्फियासह पाच काउंट्यांचे प्रत्येकी दोन आणि राज्याचे पाच. साडेपंधरा लाखांवर लोकवस्ती असलेल्या, बस-ट्रॉली-मेट्रोच्या प्रवाशांचा मोठा हिस्सा पुरवणाऱ्या शहराला पंधरापैकी दोन खुर्च्या. शहराच्या सभासदांना नकाराधिकार आहे खरा, पण तोही तीन-चतुर्थांश बहुमतानं ओलांडता येतो. आणि पैशाची किल्ली याहून लांब, हॅरिसबर्गला, राज्याच्या विधिमंडळात. २०१३च्या कायद्यानंतर राज्यानं वाहतुकीसाठी मोठी आणि कायमची अशी वाढ केलेली नाही. कोविडकाळात केंद्राकडून आलेली मदत संपली. २०२४च्या नोव्हेंबरात गव्हर्नर शपिरो यांनी महामार्गांचे १५ कोटी ३० लाख डॉलर वळवून वेळ मारून नेली. २०२५ला तूट आली २१ कोटी ३० लाख डॉलरची. राज्याचं अंदाजपत्रक जवळपास ५० अब्ज डॉलरचं. त्याच्या अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी रकमेवरून शहराला वेठीला धरलं गेलं.

त्यानंतर जे झालं ते आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला एका वाक्यात समजेल: बियाणं दळून खाल्लं. ऑगस्टात कपात झाली, ती कोर्टात गेली, आणि सप्टेंबरात फेऱ्या पूर्ववत झाल्या. भाडं अडीच डॉलरवरून दोन डॉलर नव्वद सेंट झालं. फेऱ्या चालवायला पैसे कुठून आले? नवे डबे, पूल, सिग्नल यांसाठी राखलेल्या भांडवली निधीतून. दोन वर्षांत मिळून ३९ कोटी ४० लाख डॉलरपर्यंत रक्कम अशी वापरायला राज्यानं परवानगी दिली. वर्तमानपत्रांत मथळे आले, संकट टळलं.

टळलं? त्याच वर्षी लोकलच्या सिल्व्हरलाइनर-फोर डब्यांना पाच वेळा आगी लागल्या. हे डबे १९७४ ते १९७६ दरम्यान बांधलेले आहेत, आणि असे सव्वादोनशे डबे रोज धावत होते. ऑक्टोबरात केंद्रीय रेल्वे प्रशासनाला आणीबाणीचा आदेश काढून त्यांची तपासणी करून घ्यावी लागली. नोव्हेंबरात ट्रॉलीचा बोगदा बंद झाला. इथल्या शहरी ट्रॉल्या अजून डोक्यावरच्या लांब दांडीनं वीज घेतात, दांडीच्या टोकाला तारेवर घासत जाणारा कार्बनचा एक छोटा तुकडा असतो. जास्त टिकेल म्हणून तो तीन इंचांऐवजी चार इंचांचा केला, तो भलताच लवकर झिजू लागला, तारा खराब झाल्या, आणि १९०५पासून शहराचं पोट भरणारा बोगदा कित्येक आठवडे बंद ठेवावा लागला. एका इंचानं!

सॉफ्टवेअरवाल्यांनो, हे आपल्याला परकं वाटायला नको. प्रत्येक कंपनीत एक जुनी सिस्टीम असते. तिच्यावर कुणी माणसं नेमत नाही, तिच्या दुरुस्तीचं बजेट दर तिमाहीला दुसरीकडे वळवलं जातं, आणि पगार मात्र तिच्यावरून होतात. मग एका रात्री ती एका फुटकळ बदलानं कोसळते आणि मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतं, "मी म्हणतच होतो, ही सिस्टीमच भिकार आहे." आपण त्या माणसावर मागे हसतो. पण ट्रॉलीचा विषय निघाला की आपणच तो माणूस होतो.

सेप्टाला मी सोवळ्यात ठेवत नाही. १९८४ साली सिटी हॉलजवळ चार रुळांचा बोगदा खोदून दोन जुन्या रेल्वे कंपन्यांची जाळी एकमेकांना जोडली. अमेरिकेतल्या इतर शहरांनी हेवा करावा असं काम. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्राध्यापक वुकान वुचिक यांनी त्यावर युरोपसारखी सलग, आरपार धावणारी सेवा बेतली होती. प्रत्यक्षात कित्येक मार्गांवर अजून तासाला एक गाडी असते आणि कंडक्टर डब्यात तिकिटं तपासत फिरतो. प्रवासाची टोकनं विकणं हे शहर २०१८ साल उजाडेपर्यंत करत होतं. अपंगांसाठीचा कायदा १९९०चा, आणि बोगद्यातल्या ट्रॉल्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या, चढायला उंच पायऱ्या असलेल्या. व्हीलचेअरवरच्या माणसाला त्यांत आजही चढता येत नाही. खालच्या तळाच्या १३० नव्या ट्रॉल्यांची ७१ कोटी ४० लाख डॉलरची ऑर्डर २०२३ला निघाली, म्हणजे कायद्यानंतर तेहतीस वर्षांनी. हे दोष खरे आहेत. पण त्या प्रत्येकावर उपाय भांडवलाचा आहे, आणि त्याच भांडवलातून आपण यंदाचं जेवण भागवलं. उपाशी ठेवायचं आणि वर म्हणायचं, बघा कसा अशक्त आहे.

आता 'सेफ आहे का' कडे येते.

मला कधीच भीती वाटत नाही असं मी म्हणणार नाही. रात्री उशिरा एखाद्या डब्यात कुणी स्वतःशी ओरडत असेल तर मी उठून पुढे बसते. केन्सिंग्टन भागातली स्थानकं शहराचं अमली पदार्थांचं संकट अंगावर वागवतात. ज्यांना घर मिळत नाही आणि दवाखाना मिळत नाही, त्यांना छप्पर मिळतं ते स्टेशनचं. हा प्रश्न रेल्वेनं निर्माण केलेला नाही, तिच्या दारात आणून टाकलेला आहे. पण सुरक्षिततेचा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायचा तर रस्त्यालाही विचारा. फिलाडेल्फियात अलीकडच्या प्रत्येक वर्षी रस्त्यांवर शंभराहून जास्त माणसं मेली आहेत. बारा लेनचा रूझवेल्ट बुलेवार्ड त्यासाठी कुप्रसिद्ध आहे, आणि त्याच्याखालून भुयारी रेल्वे न्यायची योजना शंभर वर्षांहून जुनी आहे. माझ्या ओळखीतल्या एकाही काकांनी मला कधी विचारलं नाही, "हायवेनं आलीस? सेफ आहे का ते?"

कारण तो प्रश्न सुरक्षिततेचा नसतोच. तो शेजारी कोण बसतं याचा असतो. माझ्या ट्रॉलीत शेजारी बहुतेक वेळा कृष्णवर्णीय माणूस असतो, हॉस्पिटलचा गणवेश घातलेली बाई असते, किंवा शाळेतून परतणारी पोरं असतात. आणि या शहरात ट्रॉलीत कोण बसणार, यावर दीडशे वर्षं भांडण झालेलं आहे.

यादवी युद्धानंतरही इथल्या घोड्यांच्या ट्रामांमध्ये कृष्णवर्णीयांना आत बसू देत नसत. विल्यम स्टिल, ऑक्टेव्हियस कॅटो, कॅरोलाइन लकाउंट अशा लोकांनी वर्षानुवर्षं झगडून २२ मार्च १८६७ला राज्याकडून कायदा करून घेतला. कॅटो शिक्षक होते, बेसबॉल खेळत. १८७१च्या निवडणुकीच्या दिवशी भर रस्त्यात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांचा पुतळा सिटी हॉलला उभा राहायला २०१७ साल उजाडलं. बसण्याचा हक्क मिळाला, चालवण्याचा नाही. १९४४च्या ऑगस्टमध्ये, महायुद्ध ऐन भरात असताना, आठ कृष्णवर्णीय कामगारांना ट्रॉली चालवायचं प्रशिक्षण द्यायचं ठरलं, म्हणून गोऱ्या कामगारांनी अख्ख्या शहराची वाहतूक बंद पाडली. युद्धसामग्री बनवणारं शहर ठप्प. अध्यक्ष रूझवेल्ट यांना सैन्य पाठवावं लागलं, पाच हजार सैनिक आले, तेव्हा सहाव्या दिवशी संप मोडला. आज टी-टू चालवणाऱ्या बाईंना मी "गुड मॉर्निंग" म्हणते, तेव्हा त्या सीटमागे हे सगळं आहे.

यात आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. १८८३ साली कल्याणची एक अठरा वर्षांची मुलगी डॉक्टर व्हायला या शहरात आली. आनंदीबाई जोशी. गिरार्ड कॉलेजच्या शेजारच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून १८८६ला त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. तेव्हा शहरात विजेची ट्रॉली यायला अजून सहा वर्षं होती, रस्त्यावर घोड्यांच्या ट्राम होत्या, आणि त्या कायद्याला विसाव्वं वर्षही लागलेलं नव्हतं. गव्हाळ रंगाच्या, नऊवारीतल्या बाईला या शहरात जी काही जागा मिळाली, ती तिच्या आधी कुणीतरी भांडून रुंद केलेली होती. आनंदीबाईंचा फोटो आपण मंडळाच्या कार्यक्रमात लावतो, हार घालतो. ज्यांनी ती जागा रुंद केली त्यांच्या पणतवंडांशेजारी बसायला मात्र आपल्याला 'सेफ' वाटत नाही.

२०२५च्या वसंतात सेप्टानं मांडलेल्या प्रस्तावात याहून भयंकर एक कलम होतं: मेट्रो आणि ट्रॉली रात्री नऊला बंद. ते तेव्हापुरतं टळलं, पण मेलेलं नाही. पुढची तूट आली की ते पुन्हा टेबलावर येईल. नऊ वाजता कोण प्रवास करतं? मी नाही. मी तोवर जेवून लॅपटॉप उघडलेला असतो. नऊनंतर प्रवास करते ती दुसऱ्या पाळीची नर्स, ऑफिसं झाडणारी माणसं, आणि तुमच्या-माझ्या आवडत्या रेस्टॉरंटातला भांडी घासणारा पोरगा. त्यांना उबरचे पंचवीस डॉलर रोज देता येत नाहीत. त्याच प्रस्तावात पाच लोकल मार्ग पूर्ण बंद करण्याचंही होतं. त्यात पाओली-थॉर्नडेलचा मार्ग होता. आमचे यजमान ज्या गाडीच्या स्टेशनावर आम्हांला घ्यायला आले होते, आणि आठवड्यातले तीन दिवस ज्या गाडीनं स्वतः ऑफिसला जातात, ती हीच. 'बंद पडू दे' म्हणताना त्यांच्या मनात दुसऱ्या कुणाचीतरी गाडी असावी.

मला नेमकं काय हवं आहे, तेही सांगते, नाहीतर हा नुसता संताप ठरेल. एक, दर वर्षी हॅरिसबर्गच्या दारात कटोरा घेऊन उभं राहावं लागणार नाही असा कायमचा, कायद्यानं बांधलेला महसूल. दोन, भांडवली निधीला चालू खर्चासाठी हात न लावण्याची अट. तीन, पाचही काउंट्यांना वाहतुकीसाठी स्वतःचा कर लावण्याची मुभा, म्हणजे ज्यांना हवं आहे त्यांना तरी पैसे घालता येतील. आणि ज्या मराठी माणसांकडे इथलं नागरिकत्व आहे त्यांनी आपल्या राज्य सिनेटरला एक फोन करावा. उपनगरांतल्या मताला तिथे वजन आहे. माझ्याकडे मत नाही, मी व्हिसावर आहे. मी सार्वजनिक सुनावणीत तीन मिनिटं बोलू शकते, ते करून आले. आणि हे लिहू शकते.

राहता राहिली त्या रात्रीची गोष्ट.

माझी आई त्या वर्षी चार महिने आली होती. त्याआधी एकदा ती माझ्या मामेभावाकडे, दुसऱ्या राज्यातल्या एका उपनगरात राहून गेली होती. घर मोठं, अंगण मोठं, आणि घराबाहेर पाऊल टाकलं की फक्त लॉन. सोमवार ते शुक्रवार ती खिडकीशी बसून शेजाऱ्यांच्या गाड्या मोजायची. माझ्याकडे आल्यावर तिसऱ्या दिवशी तिला ट्रॉलीचं कार्ड काढून दिलं. आठवडाभरात ती एकटी लायब्ररीत जाऊ लागली. शनिवारी क्लार्क पार्कच्या बाजारात भाजीवाल्याशी हातवारे करून घासाघीस करायची. तो ऐकत नसे, पण दोघांनाही मजा यायची. एकदा ती ऑफिस सुटायच्या वेळी खाली येऊन उभी राहिली, न सांगता. "म्हटलं, तुला घ्यायला यावं." अठ्ठावन्न वर्षांची बाई, इंग्रजी जेमतेम, सोलापूरबाहेर कधी एकटी न राहिलेली, अमेरिकेत लेकीला ऑफिसातून घरी न्यायला आली. शाळेत असताना यायची तशी.

गणपतीच्या त्या जेवणात, पुरुष मंडळी खासगीकरणावर आली होती तेव्हा, यजमानांची आई माझ्या आईशेजारी बसल्या होत्या. काकू सहा वर्षं झाली इथे राहतात. आवाज बारीक करून त्यांनी विचारलं, "तुम्ही खरंच एकट्या जाता? कुणी सोडायला लागत नाही?"

आई म्हणाली, "नाही हो. घराखाली ट्रॉली येते."

काकूंनी लेकाकडे पाहिलं, मग ताटाकडे. "आमच्याकडे नाही येत," म्हणाल्या.